गिटारचा अँप्लिफायर हाताने बांधताना



पत्रिकेवर आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीवर बोलावे, अर्थकारणावर बोलावे, फार तर पावसापाण्यावर बोलावे. गिटारचा अँप्लिफायर हा काय विषय झाला, असे कोणी म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु या यंत्राचे एक सख्खे भावंड आपणांपैकी सत्तरी उलटलेल्यांच्या घरात एके काळी फळीवर, विणलेल्या झाकणाखाली, मोठ्या मानाने बसलेले होते. व्हॉल्व्हचा रेडिओ! खटका दाबला की आत मंद नारिंगी उजेड दिसे, थोडा वेळ काही होत नसे, आणि मग कोठून तरी दुरून आल्यासारखा आवाज हळूहळू भरत येई. गिटारचा अँप्लिफायर त्याच कुळातला. तेच व्हॉल्व्ह, तेच कंडेन्सर, तोच ट्रान्स्फॉर्मर. फरक आहे तो एकाच गोष्टीत, आणि त्या एका गोष्टीसाठीच हा सारा खटाटोप.

ती गोष्ट अशी. रेडिओने किंवा सभेतल्या ध्वनिवर्धकाने जे आत आले तेच मोठे करून बाहेर द्यावे अशी आपली अपेक्षा असते. माझा आवाज या मंडपात पोचवणाऱ्या यंत्राने त्यात स्वतःची भर घालू नये. घातली तर आपण ती खरखर म्हणतो आणि यंत्रवाल्याला हाक मारतो. गिटारच्या अँप्लिफायरचे मात्र उलट आहे. त्याने भर घालावी म्हणूनच तो घेतलेला असतो. विजेच्या गिटारचे पोट भरीव लाकडाचे. तारा छेडल्या तर शेजारच्या माणसाला जेमतेम ऐकू येते. सतारीला भोपळा असतो, सारंगीला कातडे असते. विजेच्या गिटारचा भोपळा म्हणजे समोर ठेवलेली ही पेटी. म्हणजे वाद्याचा अर्धा भाग वादकाच्या मांडीवर आणि अर्धा भाग दहा फुटांवर! हा दुसरा अर्धा भाग जो बांधतो तो वाद्य बांधणाराच होय. त्याला नुसते तंत्रज्ञ म्हणणे मला पटत नाही.

आता व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. काचेची एक कुपी, तीतील हवा काढून टाकलेली. मध्यभागी एक बारीक नळी तापवलेली असते. तापली की तिच्यातून विद्युत्कण बाहेर पडतात. सभोवती धातूचा पत्रा, त्यावर शेकडो व्होल्टचा धन दाब. कण तिकडे ओढले जातात. ही दोन अंगांची कुपी इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी १९०४ साली केली. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी या दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी बसवली आणि तिथे सारे शास्त्र पालटले. पाटाच्या पाण्याला दार असते ना, तशी ही जाळी. दार हाताने सहज खालीवर होते, पण त्यामुळे सुटणारे वा अडणारे पाणी मोठे असते. गिटारमधून येणारा क्षीण प्रवाह जाळीवर सोडला की पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच्या तालावर नाचू लागतो.

पण दार पूर्ण मिटल्यावर आणखी मिटता येत नाही, आणि सताड उघडल्यावर आणखी उघडता येत नाही. वादकाने तार जोरात छेडली, आत येणारी लाट या दोन मर्यादांच्या पलीकडे गेली, की तिचा माथा आणि तिचा तळ कापला जातो. अभियंत्याच्या वहीत याला दोष म्हणतात. कानाच्या वहीत काय लिहिले जाते, ते पाहू.

लाटेचा माथा कापला गेला की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वर नव्याने जन्माला येतात. दुप्पट म्हणजे तार षड्ज. तिप्पट म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. पाचपट म्हणजे आणखी वरचा गंधार. आपल्याला हे काही अपरिचित नाही. मिरजेचा तंबोरा बांधणारा घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावतो तेव्हा तो तरी काय करीत असतो? तारेला घोडीवर सरळ, स्वच्छ टेकू न देता तिला पृष्ठभागाशी किंचित घासू देतो; मग एकाच तारेतून स्वरांचा पिसारा फुलतो. तारेच्या मुक्त हालचालीतला तो अडथळाच, पण मोजून घातलेला. गिटारवाल्यांनी तेच काम काचेच्या कुपीकडून करून घेतले.

आणखी एक गंमत. एकाच वेळी दोन तारा छेडल्या तर व्हॉल्व्ह त्या दोहोंच्या कंपनांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वरही निर्माण करतो. सेकंदाला ११० कंपनांचा षड्ज आणि १६५चा पंचम एकत्र वाजवा. वजाबाकी ५५ येते, म्हणजे त्याच षड्जाचा खर्ज! गिटारवर जी तार नाहीच, तिचा स्वर खालून ऐकू येतो. यात गंधार मिसळला की मात्र बेरजा-वजाबाक्यांची गर्दी होऊन चिखल होतो. म्हणून जोरात वाजवणारे गिटारवादक षड्ज आणि पंचम एवढेच घेतात. पुष्कळांना वाटते की त्यांना अधिक येत नाही. तसे नव्हे, त्यांचा अँप्लिफायर त्यांना तसे शिकवतो.

ही चव आधी कोणी ठरवून लावून घेतलेली नाही. १९३६ साली गिब्सन कंपनीने ईएस-१५० नावाची गिटार अँप्लिफायरसह विकायला काढली, ती केवळ मोठ्या वाद्यवृंदात गिटार ऐकू यावी म्हणून. १९३९ साली बेनी गुडमन यांच्या वृंदात आलेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी तिच्यावर एकल वादन करून दाखवले. तोवर हेतू मोठा आवाज एवढाच होता. १९५१ च्या मार्चमध्ये मेंफिस शहरी 'रॉकेट ८८' या गीताचे ध्वनिमुद्रण व्हायचे होते. गिटारवादक विली किझार्ट यांच्या अँप्लिफायरला वाटेत इजा झाली. असे सांगतात की फाटलेल्या स्पीकरमध्ये कागदाचे बोळे कोंबून काम चालवले. जो घुरघुरता आवाज निघाला तो मुद्रकाने टाकून दिला नाही, पुढे आणला. १९६४ साली लंडनच्या डेव्ह डेव्हिस या पोराने तर चांगल्या स्पीकरच्या कागदी शंकूवर स्वतः पाते चालवले. मोडक्या यंत्राचा स्वर हवासा वाटल्यावर माणसे धडकी यंत्रे मोडू लागली. यात पोरकटपणा होता खरा, पण एक मागणीही होती. ही मागणी शहाणपणाने पुरी कशी करावी, हा बांधणाऱ्यांपुढचा प्रश्न.

त्याचे उत्तर ज्यांच्या हातून आले त्यांपैकी पहिला गृहस्थ गिटार वाजवणारा नव्हता. लिओ फेंडर यांनी १९३८ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान घातले. त्यांना गिटार धड जुळवता येत नसे असे त्यांचे सहकारीच सांगत. पण दुरुस्ती करणाऱ्याला एक विद्या येते. यंत्र कोठे मोडते हे त्याने शंभरदा पाहिलेले असते. १९४६ पासून स्वतःच्या नावाने त्यांनी जे अँप्लिफायर काढले ते दुरुस्तीवाल्याने दुरुस्तीवाल्यासाठी केले असावेत असे आहेत. मागची फळी काढली की सारे हाताशी. एका जाड तंतुपट्टीवर पितळी छिद्रे, त्यांत रेझिस्टन्स आणि कंडेन्सर ओळीने बसवलेले, प्रत्येकाचे टोक नजरेसमोर. जोडणी बहुधा स्त्रिया करीत. जुन्या पेट्यांत चासीच्या आत चिकटपट्टीवर त्या जोडणारणीचे नाव पेन्सिलीने लिहिलेले सापडते. आणि जोडणीचा आराखडा, म्हणजे कोणता भाग कोठे व किती मूल्याचा, हा दुरुस्ती करणाऱ्यांना मिळावा अशी व्यवस्था. आराखड्यातली मूळ कल्पना तरी सर्वस्वी त्यांची कोठे होती? आर.सी.ए. कंपनीच्या व्हॉल्व्ह-पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत अशा जोडण्या छापलेल्या असत. फेंडर यांनी त्या घेतल्या, गावातल्या वादकांच्या हाती यंत्रे दिली, ते काय म्हणतात ते ऐकले, बदल केले, पुन्हा दिली.

त्यांच्या बासमन नावाच्या यंत्राची कथा यासाठीच सांगण्यासारखी आहे. ते १९५२ साली निघाले ते खर्जाच्या गिटारसाठी. १९५८च्या सुमारास त्याची ५एफ६-ए ही आवृत्ती आली. दहा-दहा इंचांचे चार स्पीकर, ५८८१ जातीचे दोन मोठे व्हॉल्व्ह. खर्जवाद्यासाठी ते यंत्र पुरेसे भक्कम ठरले नाही, पण साध्या गिटारवाल्यांनी ते उचलले. आणि मग ते समुद्र ओलांडून गेले.

लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल म्हणून भाग आहे. तिथे जिम मार्शल नावाच्या ड्रमवादकाने १९६० साली वाद्यांचे दुकान काढले. ते ड्रम शिकवीत. शिष्य येत, शिष्यांबरोबर त्यांचे गिटारवाले मित्र येत. पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर ही पुढे गाजलेली मंडळी तेव्हा तिथे घुटमळणारी पोरे होती. त्यांची तक्रार एकच: अमेरिकन फेंडर हवा, पण परवडत नाही. दुकानात दुरुस्तीला केन ब्रॅन होते. त्यांनी डडली क्रेव्हन हा ई.एम.आय. कंपनीत उमेदवारी केलेला, अठरा वर्षांचा मुलगा गाठला. फेंडरचे बासमन समोर ठेवले आणि १९६२ साली तसेच बांधायला घेतले. चोरी म्हणावी का ही? आराखडा उघडा होता, कल्पना पुस्तिकांतून आलेल्या होत्या. मी तिला चोरी म्हणणार नाही. पण नक्कल नक्कीच होती. आणि नक्कल करायला निघालेल्यांच्या हातून नवेच काही निपजले, ते का, हे पाहण्यात या विद्येचे मर्म आहे.

इंग्लंडात जे मिळे तेच वापरणे भाग होते. पहिल्या टप्प्यावर फेंडरमध्ये १२एवाय७ हा व्हॉल्व्ह होता. तो आवाज साधारण चव्वेचाळीस पटींनी वाढवू शकतो. हॅनवेलमध्ये तिथे ईसीसी८३ बसला; त्याची शक्ती शंभर पट. म्हणजे दार सताड उघडण्याची वेळ कितीतरी लवकर आली. शेवटच्या टप्प्यावर ५८८१च्या जागी लवकरच केटी६६ हे थोराड इंग्रजी व्हॉल्व्ह आले. ट्रान्स्फॉर्मर स्थानिक बाजारातला, त्याचे लोखंड आणि वाइंडिंग वेगळे. फेंडरमध्ये चार स्पीकर दहा इंचांचे आणि पेटी मागून उघडी. मार्शलमध्ये चार स्पीकर बारा इंचांचे, सेलेस्टियन कंपनीचे, आणि पेटी मागून बंद. मागची हवा कोंडली की खालचे स्वर छातीवर येऊन आदळतात. या यंत्रांत बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक अंश उलटा फिरवून पुन्हा आत सोडलेला असतो, यंत्राला लगाम म्हणून. फेंडर यांनी हा अंश ट्रान्स्फॉर्मरच्या २ ओमच्या टोकावरून घेतला होता; मार्शलमध्ये तो १६ ओमच्या टोकावरून आला, म्हणजे लगाम जवळजवळ तिप्पट आवळला गेला. लगाम घट्ट असला की घोडे नीट चालते, पण सुटले की एकदम सुटते. कागदावर आराखडा तोच. चारसहा ठिकाणी गावचे पाणी लागले, आणि स्वर पालटला.

तो स्वर जगाने नीट ऐकला १९६६ साली. जॉन मेयॉल यांच्या वृंदात एरिक क्लॅप्टन होते. लंडनच्या डेक्का ध्वनिमुद्रणगृहात ते आपला मार्शल घेऊन गेले आणि आवाज रंगमंचावर ठेवतात तेवढाच ठेवीन म्हणून अडून बसले. मुद्रकांची रीत अशी की अँप्लिफायर हळू ठेवावा, स्वच्छ मुद्रण करावे. पण हळू ठेवला तर व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेला भिडत नाही, आणि मर्यादेला भिडला नाही तर बोलत नाही. क्लॅप्टन यांचा हट्ट हा वरवर दिसतो तसा उद्दामपणा नव्हता. वीणा वाजवताना तिचा भोपळा काढून ठेव म्हटले तर वादक काय करील?

इथवर इतिहास झाला. आता मेजावर येऊ. समजा, कोणी तरुण वादक आला आणि म्हणाला, मला एक यंत्र बांधून द्या. पहिला प्रश्न, वाजवणार कोठे? बहुतेकांना वाटते शक्ती जितकी जास्त तितके चांगले. पण १५ वॉटचे ३० वॉट केले तर कानाला फरक फक्त तीन डेसिबलचा, म्हणजे लक्ष देऊन ऐकले तर कळेल इतका. आवाज दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते. उलट ५० वॉटचे यंत्र चाळीच्या खोलीत मर्यादेपर्यंत नेले तर शेजारी वादकाला मर्यादा दाखवतील. लहान जागेसाठी लहान यंत्र, आणि लहान यंत्रांत माझी आवड विचाराल तर फेंडर यांच्या डीलक्सची १९५५ ते १९६० मधली ५ई३ ही जोडणी. ६व्ही६ जातीचे दोन व्हॉल्व्ह, बारा इंचांचा एक स्पीकर, पंधरा वॉटहून कमी शक्ती, उलटा लगाम मुळीच नाही. नील यंग आयुष्यभर अशा एका जुन्या पेटीला चिकटून राहिले आहेत. यात प्रवाह एकदिशा करणारा ५वाय३ हा व्हॉल्व्ह जरा अशक्त असतो. तार जोरात छेडली की दाब क्षणभर खचतो आणि मग सावरतो. स्वर आधी दबतो, मग उमलतो. या अशक्तपणाला लोक पैसे मोजतात! त्याच जागी जीझेड३४ हा धट्टाकट्टा व्हॉल्व्ह बसवा. स्वर ताठ होतो, तत्काळ उठतो. जलद गतीच्या वादकाला तोच बरा. कोणता चांगला हा प्रश्नच नाही. कोणाच्या हाताला कोणता, हा प्रश्न आहे.

मग दुसरा प्रश्न, गिटार कोणती? जाड आवाजाची असेल आणि यंत्र मर्यादेवर वाजवायचे असेल, तर खालच्या स्वरांचा चिखल होतो. टप्प्याटप्प्यांच्या मध्ये जे कंडेन्सर असतात ते खालचे स्वर किती पुढे जाऊ द्यावेत हे ठरवतात. ५ई३मध्ये ते ०.१ मायक्रोफॅरडचे आहेत. त्यांच्या जागी ०.०२२चे घातले की खालची गर्दी आधीच दाराशी अडते आणि स्वर मोकळा होतो. भाग चार आण्यांच्या मोलाचा, फरक साऱ्या वाद्याचा. बाजारात जुन्या काळचे अमुक रंगाचे कंडेन्सर सोन्याच्या भावाने विकले जातात आणि त्यांत दैवी गुण असल्याचे सांगितले जाते. मूल्य तेच आणि भाग धड असला, तर तो कोणत्या रंगाचा आहे हे डोळे मिटून ओळखणारा मला तरी भेटलेला नाही.

खरे कौशल्य भाग निवडण्याहून मांडणीत आहे. ज्याने कधी बांधले नाही त्याला वाटते की आराखड्याप्रमाणे तारा जोडल्या की झाले. तसे जोडलेले यंत्र सुरू होते आणि गुणगुणू लागते. आपल्या विजेची कंपने सेकंदाला ५०; ती जिथे तिथे शिरू पाहतात. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या दोन तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन चासीच्या कोपऱ्यातून न्याव्या लागतात, म्हणजे एकीचा उपद्रव दुसरी खोडते. आत येणारी आणि बाहेर जाणारी तार शेजारी शेजारी गेली की बाहेरचा आवाज पुन्हा आत शिरून यंत्र किंचाळते. दोन ट्रान्स्फॉर्मर एकमेकांशी काटकोनात ठेवायचे. चासीला भोके पाडण्यापूर्वी जुने लोक एक युक्ती करतात. मोठ्या ट्रान्स्फॉर्मरला वीज द्यायची, लहानाच्या टोकांना कानाला लावायचा श्रवणी जोडायचा आणि लहान ट्रान्स्फॉर्मर हाताने हळूहळू फिरवत राहायचे. एका कोनावर गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. तिथे खूण करायची, तिथेच भोके पाडायची. गणिताने हा कोन काढता येईल, पण कानाने तो दोन मिनिटांत सापडतो. डाखाचेही तसेच. भाग आणि तार दोन्ही तापली पाहिजेत, मग कथील आपोआप पाण्यासारखे पसरते. नुसत्या कथलाचा थेंब वरून टाकला तर तो आज धरतो आणि वर्षाने सोडतो, तोही बहुधा कार्यक्रम रंगात आलेला असताना.

आणि आता जे सांगणार आहे ते जरा गंभीरपणे ऐकावे, कारण आज इथे तरुण मंडळी आहेत आणि घरी जाऊन काही करून पाहण्याची त्यांना हुक्की येईल. ट्रान्झिस्टरच्या खेळण्यांत नऊ व्होल्ट असतात. या पेटीत साडेतीनशे ते साडेचारशे व्होल्ट असतात, आणि ते माणूस मारतात. यंत्राचे बटण बंद केले, भिंतीतून वायर काढली, तरी मोठ्या कंडेन्सरांत तो दाब साठून राहतो. बंद यंत्र हे मेलेले यंत्र नव्हे. आत हात घालण्यापूर्वी तो साठा एका रेझिस्टन्समधून उतरवायचा, मीटर लावून शून्य झाल्याची खात्री करायची, मगच हात. चालू यंत्रात मोजमाप घ्यावेच लागले तर डावा हात खिशात. दोन्ही हात आत असले तर धक्का एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वाटेत हृदय लागते. हे शिकवणारा माणूस शेजारी असल्याशिवाय पहिले यंत्र कोणी बांधू नये.

पहिल्यांदा वीज द्यायची ती थेट नव्हे. आपल्याकडच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा सिरीज बोर्ड पुष्कळांनी पाहिला असेल. वाटेत एक दिवा जोडलेला असतो. जोडणीत कोठे तारेला तार भिडली असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि यंत्र वाचते. सारे ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंदावतो. अमेरिकेतले बांधणारेही नेमकी हीच युक्ती वापरतात. दिवा तिकडेही दिवाच. स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र कधी चालवायचे नाही, नाही तर शेवटचा ट्रान्स्फॉर्मर जळण्याची भीती. आणि ज्या यंत्रात उलटा लगाम आहे ते प्रथमच सुरू होताच भेसूर ओरडले, तर घाबरू नये. लगाम उलट्याचा सुलटा जोडला गेला आहे. ट्रान्स्फॉर्मरच्या दोन तारा अदलाबदल केल्या की शांत होते.

अमेरिकेत या विद्येचे दोन थोर कारागीर होऊन गेले, आणि त्यांच्या वागण्यातला फरक मला फार विचार करायला लावतो. अलेक्झांडर डंबल हे कॅलिफोर्नियात एकेका वादकासाठी एकेक यंत्र बांधीत. आधी त्याचे वादन ऐकत, मग त्याच्या हाताप्रमाणे जोडणी बदलत. रॉबेन फोर्ड, लॅरी कार्ल्टन, कार्लोस सँटाना अशी त्यांची गिऱ्हाइके. २०२२ साली ते वारले. त्यांची यंत्रे मोजकीच, आणि किमती अशा की एकेका यंत्रात आपल्या गावी घर व्हावे. पण पुष्कळ यंत्रांत जोडणीवर त्यांनी राळ ओतून ठेवली. आत काय आहे ते कोणाला दिसू नये म्हणून. दुसरे केन फिशर, न्यू जर्सीचे. ते अँपेग कंपनीतले अभियंते, पुढे ट्रेनरेक नावाने घरी यंत्रे बांधू लागले. यंत्राला क्रमांक न देता ते स्त्रीचे नाव देत. प्रकृतीने खंगलेले असत, त्यामुळे त्यांचीही यंत्रे थोडीच. परंतु त्यांनी मासिकांतून लेख लिहिले, विचारणाऱ्याला सांगितले, तार किती लांब ठेवावी आणि कोठून न्यावी येथपर्यंत सांगितले. २००६ साली ते गेले तेव्हा त्यांची विद्या अनेकांच्या हातांत होती.

राळ ओतणाऱ्याला मी निंदणार नाही. आयुष्य घालून मिळवलेली गोष्ट दुसऱ्याने दोन तासांत उतरवून घ्यावी, हे कोणाला आवडेल? आपल्याकडे चीज शिष्याला अर्धी सांगून अर्धी गिळणारे बुजुर्ग काही कमी झाले नाहीत, आणि त्यांची बाजू आपण ऐकलेली आहे. तरीही व्यवहार काय सांगतो? लोकांनी राळ खरवडून काढली, आराखडे उतरवले, आणि नकला बांधल्या. त्या नकलांतून डंबल यांचा स्वर निघाला का? कित्येकदा नाही, कारण त्यांतला महत्त्वाचा भाग राळेखाली नव्हताच, तो अमक्या वादकाचे बोट ऐकणाऱ्या कानात होता. जे लपवले ते उघडे पडले, आणि जे शिकवण्याजोगे होते ते त्यांच्याबरोबर गेले. हॅनवेलच्या त्या अठरा वर्षांच्या मुलापुढे फेंडरच्या पेटीत राळ असती, तर?

काही जण विचारतील, आज संगणक हे सारे स्वर हुबेहूब काढून देतो, मग कुप्या कशाला? संगणकी यंत्रे फार चांगली झाली आहेत, हे मी मान्य करतो. मुद्रणात तर पुष्कळदा ओळखू येत नाहीत. पण ती ज्यांची नक्कल करतात ती यंत्रे कोणी तरी बांधलेली, दुरुस्त करून चालती ठेवलेली असावी लागतात. अडचण आहे ती कुप्यांची. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह करायला सुरुवात केली होती. तो काळ सरला. इंग्लंड-अमेरिकेतले मोठे कारखानेही केव्हाच मिटले. आता गिटारवाल्यांची मुख्य भिस्त रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथल्या मोजक्या कारखान्यांवर आहे. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले, रशियातला पुरवठा अडला, आणि जगभरच्या गिटारवाल्यांना एका आठवड्यात कळले की आपला स्वर किती बारीक दोऱ्यावर लोंबतो आहे. आपल्या माळ्यावर आजोबांचा रेडिओ असेल तर तो भंगारात घालण्यापूर्वी मागची फळी काढून पाहा. शेवटच्या कुपीवर ईएल८४ असे लिहिलेले असेल, तर ती त्याच जातीची, जिच्यावर इंग्लंडातला व्हॉक्स एसी३० हा नामांकित अँप्लिफायर चालतो. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर फिरणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे.

वेळ संपत आला आहे, चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. मी बोललो त्यातले निम्मे डोळ्यांनी पाहण्याचे आहे, म्हणून एक ५ई३ मी चासी उघडी ठेवून व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या मेजावर मांडली आहे. जोडणीचा आराखडा शेजारी आहे. ज्यांना उतरवून घ्यायचा असेल त्यांनी खुशाल घ्यावा, बदललेली मूल्ये त्यावर पेन्सिलीने लिहिली आहेत. यंत्र बंद आहे, साठा उतरवलेला आहे. तरी आत बोट घालण्यापूर्वी मीटर मागून घ्या. ते मी खिशात ठेवले आहे.